गप्प राहण्याची खूण

फ्रिजला उचकी लागली आणि तो घरघरायला लागला. दुपारभर घरात साठलेली शांतता मोडली. वीज आली होती.

मी मिवुयोला अंगाशी धरून पडले होते, तशीच राहिले. श्वासही घेतला नाही. त्याच्या पापण्या हलल्या, ओठांनी हवेतच दोनदा चोखलं आणि तो पुन्हा झोपेत उतरला. मला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आता थोडा वेळ माझा होता. त्यात मी भांडी घासू शकले असते, केस विंचरू शकले असते, नाहीतर नुसती छताकडे बघत पडले असते. मी छताकडे बघायचं ठरवलं.

"मकोती," बाहेरच्या खोलीतून दबकी हाक आली. "वीज आली गं. ये ना. आणि तो कागद आण."

सून म्हणून या घरात आले, त्या दिवशी मी मकोती झाले. दोन लेकरं झाली, तरी मकोतीच आहे. आणि सासूबाई सगळ्या त्सोलो गावाच्या मादलोमो. त्यांच्या नवऱ्याने, पाद्रीसाहेबांनी, दुकानदाराने, सगळ्यांनी त्यांना माहेरच्या कुळाच्या नावानेच हाक मारायची, म्हणजे मान राहतो. मीही तशीच मारते. फक्त लेकरांची ती मखुलू, आजी.

कागद म्हणजे गुड फ्रायडेचं गाणं. आमच्या चर्चच्या गायकमंडळींना शिकवायला या वर्षी मडिकाने सर आले, आणि येताना शहरातून हे गाणं घेऊन आले. आवाजांसाठी वेगळं, पियानोसाठी वेगळं. आवाजांचं ठीक होतं, ते आमच्या नेहमीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: डो, रे, मी. इथे शाळेत मूल बाराखडीच्या आधी ती अक्षरं गायला शिकतं. पण पियानोचा कागद पाच रेघांचा होता. त्या रेघांवर काळे ठिपके, शेपट्या, चाप, चांदण्या. आमच्या चर्चमध्ये तो वाचणारं कोणी नव्हतं. म्हणजे मी होते. मिशनच्या वसतिगृहात असताना एका बाईंनी शिकवलं होतं, पण लग्नानंतर त्याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं, मलासुद्धा नाही.

पियानोवर मादलोमो बसायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून. लग्नं, मयतं, रविवार, गुरुवारची लाल झग्यातली बायकांची प्रार्थना, सगळीकडे त्याच. अक्षरांत लिहिलेली चारही आवाजांची ओळ त्या एका नजरेत उचलायच्या आणि दोन हातांत वाटून टाकायच्या. सरांनी ते ऐकलं, मनापासून वाहवा केली आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मादलोमो, या गाण्यात पियानो आवाजांच्या मागे चालत नाही. त्याचं स्वतःचं वेगळं काम आहे. शनिवारी सगळ्यांबरोबर वाजवून बघू. नाही जमलं तर तुमची मकोती आहेच की. ती रेघा वाचते असं कळलं मला."

हे त्यांना कोणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी आमाग्विन्याचे गोळे तळायला कणीक मळत होते, तेव्हा माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि कणकेकडे बघत म्हणाल्या, "मला त्या रेघा शिकव."

तर मी उठले. मिवुयोभोवती उशा लावल्या आणि बाहेर गेले.

बाहेरच्या खोलीत नवऱ्याने आणलेला विजेचा कीबोर्ड आहे. तो बायी शहरात मोटारींच्या कारखान्यात असतो, महिनाअखेरीला येतो, आणि येताना घरात काहीतरी तारेवर चालणारं आणतो. वीज असली की ते सगळं चालतं. मादलोमो त्याच्यापुढे पाठ ताठ करून बसल्या होत्या, डोक्याला घरातला रुमाल, नाकावर चष्मा. लुमका, माझी मोठी, खाली जमिनीवर शाळेचं चित्र रंगवत होती.

"आधी ह्या," मादलोमोंनी ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं. "ह्या चौघी पोटुशा कोण आहेत?"

मी वाकून बघितलं. चार कोमलांच्या खुणा एकापाठोपाठ, प्रत्येकीचं पोट पुढे आलेलं. मला हसू आलं.

"त्या खुणा असल्या, की ते चार सूर शेवटपर्यंत कोमल वाजवायचे."

"म्हणजे डो काळी चारवर."

"हो."

"मग तसं लिहावं ना माणसाने. एका ओळीत होतं. चार बायका कशाला उभ्या करायच्या दारात?"

"आणि त्या प्रत्येक ओळीच्या दारात उभ्या असतात, मादलोमो. विसरायचं नाही."

"विसरते कशाला. मी चारदा त्यातून गेलेय."

हळू आणि मोठ्या आवाजाच्या खुणा त्यांना आधीच येत होत्या, त्या आमच्या अक्षरी कागदांवरही छापतात. मी सांगायला लागले तर हात झटकून म्हणाल्या, "हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे, पुढे चल." भुवईखाली डोळा काढल्यासारखी खूण दिसली, की मडिकाने सर हात खाली आणेपर्यंत तो सूर सोडायचा नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्याकडे डोळा ठेवायचा, सरळ आहे." सुराच्या डोक्यावर ठिपका असला तर तो तव्याला बोट लागल्यासारखा उचलायचा. दोन सारख्याच सुरांना जोडणारा चाप असला तर दुसरा पुन्हा वाजवायचा नाही. खाली पियानोची पट्टी पायाने दाबायची खूण होती, आणि तिच्यापुढे फुलासारखी एक चांदणी, म्हणजे तिथे पाय उचलायचा.

"या डब्याला पाय कुठे आहे?" त्यांनी टेबलाखाली बघितलं. "ते चर्चमध्ये बघू."

भराभर शिकत होत्या. माझे डोळे मिटत होते, मी भिंतीला टेकून ऐकत होते. आणि मग तिसऱ्या पानावर एक सूर सुटेचना. पुढेच चालला. मी डोळे उघडले. मादलोमो दोन्ही हात दाबून, मान किंचित कलती करून बसल्या होत्या. चेहऱ्यावर केवढं समाधान.

"इथे काय चाललंय?"

"धरलंय. लिहिलंय ना धरायला." बोट कागदावर.

वरून दुसऱ्या रेघेला खालून लोंबलेली एक जाड, आखूड आडवी रेघ. दोन उभ्या रेघांमधल्या अख्ख्या खान्यात तेवढंच. मला क्षणभर कळलं नाही, आणि मग कळलं तेव्हा मीही कागदाकडे नव्याने बघितलं. आमच्या अक्षरांत सूर पुढे धरून ठेवायचा असला, की अक्षरापुढे आडवी रेघ काढतात. रेघ म्हणजे सोडू नकोस. जिथे गप्प राहायचं तिथे काहीच लिहीत नाहीत, जागा कोरी सोडतात.

"मादलोमो, ती गप्प राहण्याची खूण आहे. वटवाघूळ लोंबतं ना, तशी लोंबली, की अख्खा खाना गप्प. कठड्यावर बसल्यासारखी रेघेवर बसली, की अर्धा."

"गप्प?"

"हो. हात उचलायचे. कोणी गात नाही तिथे, कोणी वाजवत नाही. प्रभूने प्राण सोडला, त्याच्यानंतरचा खाना आहे तो."

त्यांनी त्या खुणेवर बोट टेकवलं.

"गप्प बसायला काय लिहावं लागतं? ज्याला बोलायचं असतं त्याने लिहावं." मग हात उचलून मांडीत ठेवले. "आणि तेवढ्या वेळात माझी माणसं काय करणार? माहीत आहे ना तुला, त्यांचा सूर उतरतो ते? नोमाथेम्बा एकटी सगळ्या बायकांना खाली ओढते. मी धरते म्हणून उभे आहेत ते. इतकी वर्षं मी त्यांना एकदाही अधांतरी सोडलेलं नाही."

"सरांना तिथे अधांतरीच हवंय."

"त्याचं वय काय?"

आत मिवुयो रडायला लागला. मी गेले. त्याला पाजताना बाहेरून तेच पान पुन्हापुन्हा ऐकू येत होतं. कधी त्या खान्यात शांतता असायची, कधी सूर तसाच पुढे चाललेला. शांतता असली की माझे खांदे सैल पडायचे.

आठवडा तसा गेला. बाळ दुपारी झोपायचं त्याच वेळी नेमकी वीज जायची, म्हणून मादलोमो मुक्या कीबोर्डवर वाजवायच्या. पट्ट्यांचा नुसता टकटक आवाज. तिसरं पान आलं, की हात उंच उचलायच्या, हवेतल्या हवेत मोजायच्या आणि पुन्हा खाली आणायच्या. तसा काही फरक पडत नव्हता, आधीही आवाज नव्हता, नंतरही नव्हता.

"आलं का बरोबर?" मला विचारायच्या.

"हात उचललेत म्हणजे आलंच."

"देवाला माहीत."

एकदा असंच अंधारलेल्या खोलीत बसलो होतो. पुढ्यात रूइबॉस चहाचे कप. मिवुयो माझ्या पाठीवर बांधलेला, रात्रभर जागवून आता गाढ झोपलेला. त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "खरं सांग. तुला बसायचंय का तिथे?"

"कुठे?"

"वेड पांघरू नकोस. स्टुलावर."

मी विचार केला. खरंच केला. वसतिगृहातला थंड पियानो आठवला, त्या बाईंचा हात माझ्या मनगटाखाली. मग पाठीवरचा उबदार भार जाणवला.

"मला झोपायचंय, मादलोमो. फक्त झोपायचंय. स्टुलावर, जमिनीवर, कुठेही."

त्या इतक्या हसल्या, की कप हिंदकळला. "आफ्रिकेतली सगळ्यात आळशी मकोती माझ्याच नशिबी," म्हणाल्या आणि मिवुयोला माझ्या पाठीवरून सोडवून घेऊन गेल्या. मी तिथेच खुर्चीत झोपले. जागी झाले तेव्हा माझ्या अंगावर त्यांचं ब्लँकेट होतं.

शनिवारी चर्चमध्ये सगळे जमले. बाहेर ऊन रणरणत होतं, आत पत्रा तापून कडकडत होता. नोमाथेम्बाने मला बघताच हाक मारली, "ही बघा आली, डोळ्यांखाली दोन पोती घेऊन. मादलोमो, तिला थोडी झोपू द्या, नाहीतर आमच्यात येऊन घोरेल." मादलोमो म्हणाल्या, "घोरली तरी तुझ्यापेक्षा सुरात घोरेल." पुरुषांच्या रांगेत खसखस पिकली. मडिकाने सरही हसले. मग त्यांनी हात वर केले आणि सगळे गप्प झाले.

मी पानं उलटायला शेजारी उभी होते. मिवुयो पाठीवर. लुमका पुढच्या बाकावर पाय हलवत बसलेली.

मादलोमोंनी पहिलं पान एकदाही न अडखळता वाजवलं. चारही कोमल जागच्या जागी, ठिपके हलके, सरांकडे एक डोळा. सरांनी मान डोलावली. दुसरं पान. मग तिसरं. आवाज चढत गेले, शेवटचा शब्द आला, सगळे एकदम थांबले.

पियानो थांबला नाही. चर्चभर तो सूर पसरून राहिला.

सरांनी हात खाली घेतले. "मादलोमो, इथे सगळंच थांबायला हवं."

"हो हो. माहीत आहे मला. हात विसरले. पुन्हा."

पुन्हा. मी वाकून त्यांच्या कानाशी आले आणि त्या शब्दाच्या नेमकं आधी कुजबुजले, "उचला." त्यांनी उचलले. दोन्ही हात वर, बोटं पसरलेली, मी स्वतः बघितलं. आणि तरी सूर चालूच होता. सगळ्यांनी त्या हातांकडे बघितलं, मग एकमेकांकडे. पियानो आपला आपण वाजत होता.

मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय खालच्या पट्टीवर दाबलेला होता, बुटाचं टोक वाकेपर्यंत.

"पाय," मी म्हटलं.

त्यांनीही खाली बघितलं, दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसं. ती पट्टी दाबलेली असली, की हात उचलला तरी सूर वाजत राहतो. आमचं चर्च लांबलचक आहे, पियानो जुना. मागच्या बाकापर्यंत सूर पोचावा म्हणून त्या पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत पाय उचलत नाहीत, कधीच उचललेला नाही. घरच्या डब्याला पाय नव्हता, म्हणून आम्हाला ते दिसलंच नाही.

"आता नाही होणार," त्या म्हणाल्या. "घे, पुन्हा घे."

तिसऱ्या वेळी त्या पायाकडेच बघत होत्या, त्यात एक पोटुशी बाई सुटली, सूर चढा लागला आणि पुरुष गोंधळले. चौथ्या वेळी सगळं ठीक चाललं होतं. शेवटचा शब्द आला, आवाज थांबले, हात उठले. पायही उठला. क्षणभर शांतता झाली. आणि मग नोमाथेम्बाने पुढच्या सुरासाठी श्वास घेतला, नुसता श्वास, आणि मादलोमोंचा पाय आणि हात दोन्ही आपोआप खाली आले. ती पडणार म्हणून धरायला धावावं तसे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"अजून वेळ आहे," सर म्हणाले. "शुक्रवारपर्यंत जमेल."

मादलोमोंनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "नाही जमायचं, बाळा. मला तो श्वास ऐकू येतो. तो ऐकला, की मला राहवत नाही."

"आपण तो खाना गाळू शकतो," सर हळूच म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे मला दिसत होतं.

"मेला ना तो त्या खान्यात? मग कसा गाळशील?" त्या उठल्या. स्टूल मागे सरकलं, फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग माझ्याकडे वळल्या. "पाठ कर इकडे."

मला कळलं नाही. त्यांनी माझ्या छातीवरची गाठ सोडली, मिवुयोला अलगद काढून घेतलं, वाकल्या, त्याला स्वतःच्या पाठीवर टाकलं आणि ब्लँकेट ओढून घट्ट गाठ मारली. तो जागा झाला नाही.

"बस, मकोती."

"मादलोमो, मी..."

"सगळे उन्हात मरतायत. बस."

मी बसले. स्टूल कोमट होतं. पाय पट्टीला लावताना उंचीचा अंदाज चुकला, त्या माझ्यापेक्षा ठेंगण्या आहेत. सरांनी हात वर केले. माझी बोटं जड होती, पहिल्या पानावर दोन ठिकाणी अडखळले, पण रेघा पुढे नेत गेल्या. तिसरं पान. शेवटचा शब्द. मी सगळं सोडलं.

इतकी शांतता आमच्या चर्चमध्ये कधी झाली असेल असं मला वाटत नाही. पत्र्याचा कडकड आवाज ऐकू आला. मी मोजत होते आणि माझं सगळं अंग एवढंच म्हणत होतं, की नोमाथेम्बा, उतरू नकोस. की उतर. मला माहीत नाही मी काय म्हणत होते.

श्वास आला, आणि सगळे एकदम सुरात शिरले. मी खाली हात टेकवले आणि पियानो त्यांच्या सुराला जाऊन मिळाला. केसाएवढाही फरक नव्हता. उतरले नव्हते. कोणाच्या आधाराशिवाय ते उभे राहिले होते.

मी वळून बघितलं. मादलोमो दारापाशी उभ्या होत्या, बाळाला झुलवत, या पायावरून त्या पायावर. त्यांनी ते ऐकलं होतं. चेहरा बाहेरच्या उजेडाकडे होता, म्हणून मला दिसला नाही.

तालीम संपल्यावर बायका त्यांच्याभोवती जमल्या, नेहमीपेक्षा जास्त बोलल्या. कोणी म्हणालं, किती शिकवलंत सुनेला. त्या म्हणाल्या, "तिने मला शिकवलं, मी नापास झाले." नोमाथेम्बाने त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. सरांनी पियानोचं झाकण स्वतः लावलं.

घरी जाताना उताराची वाट. मादलोमो पुढे चालल्या होत्या, पाठीवर मिवुयोची टोपी डुलत होती. त्या काहीतरी गुणगुणत होत्या. तेच गाणं होतं, आणि त्या खान्यापाशी त्या थांबत होत्या, अगदी बरोबर थांबत होत्या. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. माझे पाय ओढत होते, रात्रीचं जेवण करायचं होतं, धुणं वाळत होतं, आणि शुक्रवारपर्यंत ती पानं बोटांत बसवायची होती. ती कधी बसवायची, कोणत्या वेळात, ते मला सुचत नव्हतं.

लुमकाने माझं बोट धरलं होतं. मग तिने पुढे बघितलं आणि आजीला ऐकू जाऊ नये म्हणून मला खाली ओढलं.

"आई, उंच आवाजाच्या बायका खिडकीकडे बसतात ना?"

"हो."

"आणि नोमाथेम्बामावशीवाल्या मधे. आणि काका लोक मागे. आणि तू पियानोवर."

"हं."

"मग शुक्रवारी मखुलू कुठे बसणार?"